चॅट कंपन्यांच्या मालकांस मसुऱ्याहून अनावृत पत्र



आंगणेवाडीच्या भराडीदेवीचा कौल मिळून जत्रेची तारीख ठरली, की आमच्या मसुऱ्यात धांदल उडते. ही तारीख कॅलेंडरात छापून येत नाही. मुंबईच्या चाकरमान्यांना लगेच कळवलं नाही, तर कोकण रेल्वेचं तिकीट हातचं जातं. जिओवरून बीएसएनएलला फोन लागतो, इथल्या पोस्टात टाकलेलं पत्र लंडनला पोचतं. तुमच्याकडे मात्र काका एका ॲपवर, भाचा दुसऱ्यावर, मंडळाचा ग्रुप तिसऱ्यावर. तीच तारीख तीनदा टाइप करायची. म्हाताऱ्या बोटांना व्यायाम दिल्याबद्दल प्रथम आभार.

एकमेकांच्या ॲपांना दारं का लावलीत, तेही आम्ही समजून घेतलंय. २००६ साली गुगल टॉकने एक्सएमपीपी ही खुली पद्धत धरून बाहेरच्या सर्व्हरांशी सोयरीक जोडली होती. कोणाचाही सर्व्हर असो, निरोप इकडून तिकडे जायचा. २०१३ साली बाहेरून स्पॅम येतो म्हणून आधी परक्यांची आमंत्रणं अडवली गेली आणि मे महिन्यात गुगलचंच नवं हँगआउट्स आलं, त्यात सोयरीकच मोडली. ईमेलमधला स्पॅम त्याहून कितीतरी जुना. पण तिथे जीमेलने गाळणी लावली, दार नाही लावलं. गाळणी लावायचं तुम्हाला सुचलं नसेल, असं म्हणायला जीभ रेटत नाही. जीमेल गुगलचंच ना!

असो. बंद दाराआड आता शांतता नांदत असणार, असं बाहेरच्याला वाटेल. आत मात्र ‘झटपट कर्ज’ आहे, ‘घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, पैसे कमवा’ आहे. २०२२ साली गुगलच्या मेसेजेसवर भारतात जाहिरातींचा एवढा सुळसुळाट झाला, की कंपनीलाच त्या थांबवाव्या लागल्या. पाठवणारे कोणी भुरटे नव्हते, पारखून घेतलेले धंदेवाले होते! व्हॉट्सॲपवर तर जाहिरातीचा निरोप पाठवायला धंदेवाल्यांना रीतसर दर आहे. म्हणजे मनाई आहे ती फुकट्या परक्यांना.

युरोपात कायद्याने २०२४ पासून व्हॉट्सॲपला इतर ॲपांसाठी दार किलकिलं करणं भाग पडलं. मसुऱ्याची ग्रामसभा तेवढा दम देऊ शकेलसं वाटत नाही. म्हणून साधा अर्ज: आम्हालाही धंदेवाले म्हणून नोंदवून घ्या आणि दरपत्रक पाठवा. भाचा तुमच्या शेजारच्या कंपनीच्या ॲपवर आहे, तेव्हा चार पैसे जास्त पडले तरी देऊ.

आपला नम्र,
एक मसुरकर
(ता. मालवण)