हिरव्या प्रश्नावलीस सविनय उत्तर

प्रति,
मा. मुख्य शाश्वतता अधिकारी,
तयार कपड्यांची एक नामवंत कंपनी, मुंबई.

विषय : पुरवठादारांसाठीची पर्यावरण प्रश्नावली भरून पाठवण्याबाबत.

महोदया,

आपली प्रश्नावली पोचली. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या आमच्यासारख्या लहान प्रोसेसवाल्याला पृथ्वी वाचवण्याच्या कामात सामील करून घेतलंत, हा आपला मोठेपणा. त्याच दिवशी आपल्या खरेदी विभागाचाही ई-मेल आला : मीटरमागे दर उतरवा, नाहीतर दुसरीकडे बघतो. दोन्ही पत्रं एकाच कंपनीची आहेत ना, हे आम्ही पत्ता दोनदा वाचून पक्कं केलं.

आपला शाश्वतता अहवालही डोळे भरून पाहिला. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना तो सक्तीचा केल्यापासून त्यातले फोटो फार देखणे येतात. मुख्यालयाच्या गच्चीवर सौर पॅनेल, दारात रोपं. मुख्यालयात कापड रंगवत नाहीत, त्यामुळे तिथलं सांडपाणी निर्मळ आहे, याबद्दलही अभिनंदन. कोळसा जळतो आमच्या बॉयलरमध्ये. त्याचा धूर आपल्या अहवालात ‘स्कोप ३’ नावाच्या, म्हणजे पुरवठादारांच्या धुराच्या, रकान्यात जातो आणि त्या रकान्यात आपण ‘माहिती संकलन सुरू आहे’ असं लिहिता. जखम मांडीला, मलम शेंडीला!

असो. उत्तरं खालीलप्रमाणे.

प्रश्न ७ : सांडपाण्याचे काय करता?
सुती कापडावर रंग चढायला मीठ लागतं, गडद रंगाला जास्तच. थोडा रंग कापड धरतच नाही; तो निघून जाईपर्यंत गरम पाण्याने धुलाई करावी लागते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीत रंग बराचसा उतरतो, विरघळलेलं मीठ उतरत नाही. ते काढायला आरओ आणि बाष्पीभवन यंत्र हवं, म्हणजे पुन्हा वीज आणि वाफ. नोय्यल नदी नासवली म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तिरुप्पूरचे रंगकारखाने बंद करायला लावले, तेव्हा तिथल्या लोकांना हा खर्च गळ्यात घ्यावाच लागला. आमच्या पंचगंगा नदीसाठी आम्हीही घेऊ. फक्त तो आपल्या दरपत्रकात कुठल्या ओळीत धरायचा, तेवढं कळवा. आम्हाला ती ओळ सापडली नाही.

प्रश्न ११ : अपव्यय टाळता का?
गेल्या मोसमात आपला नेव्ही ब्लूचा लॉट ‘शेड किंचित हिरवट’ म्हणून परत आला. लाइट बॉक्सखाली नमुना आणि कापड शेजारी ठेवून आमचा डाइंग मास्टर बराच वेळ बघत राहिला, मग चष्मा पुसून पुन्हा बघितला. शेवटी सगळा रंग उतरवून नव्याने चढवला. पाणी, मीठ, वाफ सगळं दुप्पट. दर मात्र एकपटच. त्याच कापडाच्या शर्टावर आपण ‘पर्यावरणस्नेही’ असं लेबल लावलंत. असे दावे पुराव्याशिवाय करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आहेत. पुरावा लागला तर आमच्या पाण्याच्या मीटरचं रीडिंग हजर आहे.

प्रश्न १४ : नव्या यंत्रांत गुंतवणूक केली का?
कमी पाण्यात रंगवणारी यंत्रं आम्ही प्रदर्शनात पाहिली, हात लावून आलो. बँक विचारते, पुढच्या ऑर्डरी कुठे आहेत? आपण एका मोसमापलीकडे शब्द देत नाही. बिलाचंही तसंच. लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं असा २००६ चा कायदा आहे. थकवलंत तर पैसे चुकते करेपर्यंत त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट नाही, अशीही तरतूद आता आली. ती येताच आपल्या लेखा विभागातून आपुलकीचा फोन आला : तुम्हाला लघुउद्योग ठरवणारी ती उद्यम नोंदणी रद्द करता येईल का?

शेवटी एक आगाऊ सूचना, लहान तोंडी मोठा घास. आपलं टेबल उचलून खरेदी विभागात न्या. नदी कुठे किती नासेल, हे दर ठरतो त्या खोलीत ठरतं. अहवाल नंतर येतो. सांडपाण्याचा खर्च दरात वेगळा दाखवून द्या आणि तो खर्च खरंच झाला का, हे अचानक येऊन तपासा. आमच्यातही रात्री नदीकडचा व्हॉल्व्ह उघडणारे आहेत. ऑर्डर दोन वर्षांची द्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकासाठी लॉट परत पाठवू नका. आणि खरेदीवाल्या साहेबांचा बोनस मीटरमागे किती पैसे तोडले यावर न ठरवता किती लिटर पाणी वाचलं यावर ठरवा. मग बघा, प्रश्नावली न पाठवताच उत्तरं येऊ लागतील.

तोपर्यंत सर्व चौकटींत ‘होय’ अशी खूण करून प्रश्नावली सोबत जोडली आहे. आम्ही पुरवठादार, ज्याची ऑर्डर येते, तो माल पुरवतो.

आपला नम्र,
एक प्रोसेसवाला, इचलकरंजी