मकई दरवाजातली अश्वशक्ती

२०१० साली आमच्या शहरातल्या मंडळींनी गट करून एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्या दीडशेंत मी नव्हतो, आणि ते शल्य पुढे माझ्या ७५ अश्वशक्तीच्या डिझेल गाडीला भोगावं लागलं.

तिचं इंजिन फियाटचं, तेराशे सीसीचं. मारुतीनेही तेच लावलं, टाटानेही; लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. "काका, कंपनीने दाबून ठेवलंय याला," ट्यूनिंगवाला पोरगा म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. डिझेल किती फवारायचं, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. भेसळीचं डिझेल, आपल्याकडचा मे महिना, सर्व्हिसिंगची टाळाटाळ, हे सगळं धरून कंपनी थोडं हातचं राखते. पोरगा स्टिअरिंगखाली लॅपटॉप जोडून तेवढंच काढून देणार होता. क्लच मात्र जुनाच राहणार, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

रिमॅप झालं. जालना रोडवर पाय दाबला तशी गाडी उसळली आणि पुढच्या सिग्नलला सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने शेजारी एक दूधवाला येऊन थांबला. क्रांती चौकातही हाच शेजारी होता. मग समृद्धीवर नेली. तिथे मर्यादा १२० ची. तेवढी ती पूर्वीही पळायची, जरा कण्हत. चौक्याच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर मागे टाकताना मात्र खरी मजा आली. आरशात पाहिलं तर ट्रॅक्टर गायब. माझ्याच काळ्या धुरात बुडाला होता.

एका रविवारी पाहुण्यांना बीबी का मकबरा दाखवायला निघालो. मकई दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते. नेमकी तिथे क्लचने मान टाकली. घोड्यांसाठीच बांधलेल्या दरवाजात माझे सगळे घोडे अडले. इंजिन डरकाळ्या फोडतंय, जळका वास सुटलाय, चाक हलत नाही. मागून रिक्षावाला ओरडला, "चच्चा, आवाज तो फुल्ल है, गाडी कायकू नै हिलरी?" पाहुणे उतरून ढकलू लागले. ही आत बसून माझ्याकडे न बघता बघत होती.

नवा क्लच टाकून पोराकडे गेलो. म्हटलं, होती तशी करून दे. त्याने त्याचेही पैसे सांगितले.

"मूळ फाईल जपून ठेवली आहेस ना?"

"कोणती होती काका, पांढरी ना? बघतो, असेल कुठेतरी."