कुणाला सांगू नका

तुम्ही-आम्ही हॉटेलात जातो. आमचे साडू भाऊसाहेब यांना हॉटेल सापडतं. सापडलं की ते डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "कुणाला सांगू नका." हे वाक्य त्यांनी मला लग्नाच्या पंगतीत ऐकवलंय, सुतकाच्या घरी ऐकवलंय आणि एकदा बँकेच्या रांगेत, पुढच्या-मागच्या चौघांना नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात.

पुण्यात डेक्कनचं कॅफे गुडलक १९३५ पासून उभं आहे. तिथला बन-मस्का भाऊसाहेबांनी मला 'दाखवला' तेव्हा टेबल मिळेपर्यंत आम्ही फुटपाथवर ताटकळलो होतो. "लोकांना अजून पत्ता नाही," ते म्हणाले. मी आजूबाजूच्या गर्दीकडे बोट दाखवलं. "हे चुकून आलेत," म्हणाले. मेहुणीच्या हातच्या आमटीबद्दल मात्र त्यांनी ते वाक्य आजवर काढलेलं नाही, आणि मेहुणी हे विसरलेली नाही.

तर वढू बुद्रुक. थंडीचे दिवस होते, दोन्ही जोडपी संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला गेलो होतो. मार्च १६८९ मध्ये तुळापूरला महाराजांची हत्या झाली. समाधी इथे वढूला, आणि कवी कलशांचीही इथेच. 'छावा' चित्रपट येऊन गेल्यावर तर कुठून कुठून लोक येतात. भाऊसाहेबांनी भक्तिभावाने डोकं टेकलं, उठले आणि माझ्या कानाशी आले. मी म्हटलं, "भाऊसाहेब, इथे नको." मागून एक अख्खी शाळेची सहल आत शिरत होती.

निघायला अंधार पडला. संध्याकाळचा नगर रस्ता आणि पुढे वाघोली, म्हणजे घरचं जेवण विसरायचं. हायवेवरची 'व्हेज-नॉनव्हेज-चायनीज-तंदूर' एकाच दमात लिहिलेली हॉटेलं भाऊसाहेबांना सापडत नाहीत, कारण ती दिसतात. कोरेगाव भीमाकडे निघालेली गाडी त्यांनी भलत्याच वळणावर आत घातली, आणि एका घराच्या पडवीवर निळ्या दिव्यांत 'कॅफे' अशी पाटी दिसली. चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कोल्ड कॉफी, मॅगी आणि सँडविचचे दर. आतून मात्र लसणाच्या फोडणीचा वास.

"मॅगी करू का?" कॅफे चालवणाऱ्या ताईंनी विचारलं.

"तो वास कसला येतोय?"

"ती शेंगोळी. पोरांची आहे."

पोरं म्हणजे सणसवाडीच्या, रांजणगावच्या कंपन्यांत कामाला असलेली, कुणी लातूरकडची, कुणी यवतमाळची, एक तर थेट बिहारची. खोल्या करून राहणारी. कोपऱ्यातल्या टेबलावर ती मान खाली घालून जेवत होती. पाटी ताईंच्या मुलाने लावलेली. 'कॅफे' लिहिलं की गाड्या थांबतात, असं त्याचं म्हणणं. खरी चालायची ती मेसच.

हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, हातावर वळून त्याची कडी करायची आणि उकळत्या मसाल्याच्या पाण्यात सोडायची. पिठाने रस्सा आपोआप दाट होतो. वर बाजरीची भाकरी, कांदा. मी भाऊसाहेबांवर वैतागायचं ठरवून आलो होतो. दुसऱ्या भाकरीला तो बेत सोडला. मेहुणीने ताईंना कृती विचारली, यात काय ते समजा.

हात धुऊन भाऊसाहेब त्या पोरांपाशी गेले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "कुणाला सांगू नका."

रोज रात्री तिथेच जेवणारी ती पोरं एकमेकांकडे बघू लागली. ताई मात्र भाकरी थापता थापता आतूनच कडाडल्या, "का ओ दादा? सांगा की! गिऱ्हाईक नको व्हय आम्हाला?"

भाऊसाहेब इतके गप्प झालेले मी तरी पाहिले नव्हते. घरापर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लोकांना उघड सांगायला सुरुवात केली: "वढूला फार छान मेस आहे, जरूर जा." कुणी गेलं नाही. जरूर जा म्हटल्यावर कोण जातं? अमुक पुस्तक जरूर वाचा म्हटल्यावर तरी कोण वाचतं? मग एका बारशात त्यांनी यजमानांना कोपऱ्यात ओढलं आणि आवाज खाली आणला. पुढच्या रविवारी ते यजमान सहकुटुंब वढूला, त्यांच्यामागे त्यांचे शेजारी, आणि शेजाऱ्यांच्या कचेरीतलं निम्मं खातं. सगळे एकमेकांना कुणाला न सांगण्याची ताकीद देत.

परवा मी पाहुण्यांना घेऊन गेलो तर पडवीच्या पुढे मांडव आलेला. शेंगोळी संपली होती. पण कोपऱ्यात सहा ताटं झाकून ठेवलेली दिसली.

"ही कुणाची?"

"सेकंड शिफ्टच्या पोरांची. तुमच्या त्या दादांनी बजावून ठेवलंय. म्हणाले, माझी माणसं कितीही येऊ द्या, पोरांचं आधी काढायचं. दर शनिवारी फोन असतो त्यांचा, काढलं का म्हणून."

मी घरी येऊन भाऊसाहेबांना हे बोलून दाखवलं. एरवी दहा माणसांत गुपित वाटणारा हा माणूस कानापर्यंत लाल झाला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं, आणि रागाने टीव्हीचा आवाज वाढवला.