विंगला कोण हाय?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहून पेठेतल्या तालमीची फुटबॉल टीम धरणारी माणसं पुष्कळ. आमच्या गल्लीतले आण्णा त्यातलेच. मंगळवार पेठेतनं इकडं आले तेव्हा लाइटचं मीटर, रेशनकार्ड, देव्हारा, सगळं हलवलं. तालीम तेवढी हलली नाही.

शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग सुरू झाली की आण्णांचं निदान तयार असतं. टीम जिंको वा हरो, दुखणं एकच: "विंगला पळणारा न्हाई." गोलकीपरच्या हातातनं बॉल निसटून गोल झाला तरी दोष विंगचाच. "पळणारा असता तर बॉल तिकडंच ऱ्हायला असता. हिकडं कशाला आला असता?" यावर अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही. तालमींनी परदेशी खेळाडू आणायला सुरुवात केली, तेव्हा आण्णांना आशा वाटली होती. पण, "नायजेरियाचा आणला, आन् त्याला बी सेंटरलाच उभा केला!"

पंचाईत ही की त्यांचं म्हणणं खरं आहे. सगळे मध्ये बॉलवर तुटून पडले की खेळ तुंबतो. एकच पोरगा साइडलाइन धरून बॅकच्या पाठीमागं सुटला, तर समोरची फळी घाबरून मागं सरकते आणि त्याला बॉल मिळो न मिळो, मधल्यांना जागा होते. हे समजावताना आण्णा टेबलावर बॅक म्हणून खारी मांडतात. विंगर सुटला की खारी खातात. त्यामुळं त्यांच्या घरी डिफेन्स कधी टिकत नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या आघाडीला खेळला, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, जणू ती निवड त्यांच्याच सल्ल्यानं झाली होती.

त्यांचं खरं वैर ऑफसाइडशी. पास सुटताना शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्या आणि बॉलच्याही पुढं असलेल्यानं खेळात भाग घेतला की शिट्टी. हा दोन खेळाडूंचा हिशेब 1925 पासून आहे. आण्णा जन्मल्यापासून त्याच्या विरोधात आहेत. "लवकर पोचला, ह्यो काय गुन्हा हाय?"

अमेरिकेतल्या भाच्यानं एकदा फोनवर तिकडच्या फुटबॉलची गोष्ट सांगितली. तिथं वाइड रिसीव्हर म्हणून कायमची जागाच असते. डाव सुरू झाला की तो बचावाच्या मागं वाटेल तितका खोल पळतो, कुणी शिट्टी मारत नाही, आणि मागून त्याच्याकडं बॉल फेकतात. रँडी मॉस नावाच्या गड्यानं 2007 च्या साखळीत न्यू इंग्लंडकडून 23 टचडाउन झेलले. आण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बॉल हातानं टाकत्यात म्हंतोस? मग नेम आमच्या मिडफिल्डपेक्षा बराच असंल."

आता हा आजार मैदानाबाहेर पसरलाय. गणपती आगमनाच्या दिवशी राजारामपुरीच्या मेन रोडवर मंडळं एकमेकांत अडकली, की आण्णा गॅलरीतनं ओरडतात, "मधी काय गर्दी करताय? विंगला जावा की!" परवा कुत्रं मागं लागलेला एक पोरगा गल्लीतनं सुसाट गेला. बाकीच्यांनी कुत्र्याला हाकललं. आण्णांनी पोराला थांबवून विचारलं, "कुठल्या तालमीचा रं तू?"

तर वाचकहो, ओळखीत कुणी पळणारा असेल तर कळवा. डाव्या पायाचा असला तर उत्तम. दुसऱ्या पेठेचा असला, तर आधी फॉर्मवर सही घ्या. आण्णांना मागनं सांगू.