अनुमोदक

आष्टीचा आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "बीडची का?" नाही, ती तालुक्याची आष्टी. "मग वर्ध्याची, बेचाळीसच्या हुतात्म्यांची?" तीही नाही. आमची जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. हा खुलासा करून करून गावकऱ्यांची तोंडं दुखतात. नानांचं दुखत नाही. एसटीत शेजारच्यानं "बीडची ना?" म्हटलं की ते "हाव" म्हणतात, "वर्ध्याची ना?" म्हटलं तरी "हाव"च. 2022 मध्ये बीडच्या आष्टीला नगरहून रेल्वे सुरू झाली, तेव्हा एका अनोळखी प्रवाशानं नानांचं अभिनंदन केलं. नानांनी ते स्वीकारलं आणि वर "लै सोय झाली बघा" असंही सांगितलं. आमच्या परतूरला निजामाच्या काळापासून स्टेशन आहे, ते सांगायचं राहूनच गेलं.

गाव त्यांना अनुमोदक म्हणतं. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठरावाखाली दोन नावं लागतात, सूचक आणि अनुमोदक. सूचक बदलत राहतात. सरपंच बदलतात, पार्ट्या बदलतात, ग्रामसेवकाचा तर 2024 मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झाला. अनुमोदकाच्या रकान्यात मात्र नाना कायम. नाली, हातपंप, स्मशानभूमीचं शेड, तंटामुक्तीचा अध्यक्ष, सगळ्याला त्यांचं अनुमोदन.

सभेत ते दुसऱ्या रांगेत बसतात. पहिल्या रांगेत बसलं तर मागं काय चाललंय कळत नाही आणि शेवटच्या रांगेत बसलं तर लोक विरोधक समजतात. त्यांची हात वर करण्याची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. उजवा हात आधी कानापर्यंत जातो आणि तिथं थांबून कान खाजवायला लागतो. तेवढ्यात नजर डावीकडून उजवीकडं एक चक्कर मारून येते. पुरेसे हात दिसले तर कानाजवळचा हात सरळ वर जातो. नाही दिसले तर कान खाजवून होतो. दोन्हीपैकी काहीही झालं तरी हात वाया गेला असं कुणाला म्हणता येत नाही.

"लोकं काय करायलेत?" हा नानांचा सकाळचा पहिला प्रश्न. चहा नंतर. मृग लागला की हा प्रश्न दिवसातून पाच-सात वेळा होतो. कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. नाना पाऊस मोजत नाहीत, ट्रॅक्टर मोजतात. एका वर्षी शेजारच्यानं पेरणीयंत्र दुरुस्तीला न्यायचं म्हणून बाहेर काढलं. ते बघून नानांनी बियाणं काढलं. नानांना बघून पलीकडच्यानं काढलं. नाना कधी एकटे काही करत नाहीत, त्यामुळं त्यांनी केलं म्हणजे सगळ्यांनी केलं असं समजून तिसऱ्या दिवशी अर्धा शिवार पेरून मोकळा झाला. पेरणीयंत्र अजून गॅरेजातच होतं. पाऊस पुढं वीस दिवस आला नाही. दुबार पेरणी मात्र सगळ्यांनी एकाच दिवशी केली.

21 सप्टेंबर 1995 हा दिवस नानांच्या खास आवडीचा. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्याले. नाना रांगेत होते. शास्त्रज्ञांनी नंतर रंगीत दूध वापरून दाखवलं, पृष्ठताण वगैरे समजावलं. नानांना त्याची गरज नव्हती, कारण त्यांचा गणपती मुळात प्यालाच नव्हता. चमचा भरलेला तसाच. मागून नानी म्हणाल्या, "काय हो, पेला का?" मागं गल्लीभर माणसं. नानांनी चमचा जरासा तिरका केला, दूध मूर्तीच्या पोटावरून खाली ओघळलं आणि ते मोठ्यानं म्हणाले, "पेला, पेला!" हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी सहज. "म्हंजी तुम्ही खोटं बोललात?" विचारलं तर म्हणाले, "खोटं कसं? पुढच्या चाळीस माणसांचा पेला होता. मपल्या एकट्याचा न पेऊन कसं चालंल?"

कापसाचं प्रकरण जरा महागात गेलं. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी सगळ्या मराठवाड्यानं ठरवलं, दहा हजारांच्या खाली बोंड द्यायचं नाही. कापूस घरात आला. नानांच्या पुढच्या खोलीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, पाहुणा आला तर बसायला कापूस. उन्हाळ्याकडं त्यात बारीक किडे झाले आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. नानी चिडून म्हणाल्या, "आता तरी विका." नाना दारात जाऊन गल्लीत बघून आले. "सगळेच खाजवायलेत," म्हणाले आणि निवांत बसले. शेवटी भाव सात हजारांच्या आसपास आला तेव्हा गल्लीनं एका आठवड्यात कापूस विकला. नानांनीही विकला, आणि त्या आठवड्यात त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते दहा हजारांनी विकून आलं नसतं.

इथपर्यंत नाना हसण्यावारी नेता येतात. मीही नेत होतो. पण एकदा पारावर मी त्यांना जरा टोचून विचारलं, की नाना, स्वतःचं एकदा तरी स्वतः ठरवा की. तर त्यांनी तंबाखू मळत मला हिशेब सांगितला.

"मपल्या एकट्याच्या रानाची पैसेवारी कोण काढतंय का? पैसेवारी गावाची निघती. गावाची पन्नास पैशाच्या आत आली तर त्यो दुष्काळ. मपल्या एकट्याचं नाही आलं तर त्यो आळस." मग विम्याकडं वळले. पीक कापणीचे प्रयोग मंडळात होतात, मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर भरपाई मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना. एकट्याचं गारपिटीनं गेलं तर 72 तासांत कळवायची सोय तेव्हा होती, ती मी मध्येच सांगितली. "बाहत्तर तासांत फोन लागतो का?" एवढंच ते म्हणाले. कर्जमाफी 2008 ला झाली, 2017 ला झाली, 2019 ला झाली. "एकटा थकला तर थकबाकीदार. सगळे थकले तर योजना."

सरकारी कागदावर माणूस एकटा नसतोच, हे नानांना माझ्या आधी कळलं होतं. कोरडवाहू मुलखात वेगळं पीक घेऊन फसलेल्या माणसाच्या दारात तलाठी येत नाही, फक्त सल्ला द्यायला भावकी येते. म्हणून नानांना मेंढरू म्हणणाऱ्या शहरी मंडळींना मी सांगतो, आधी एक हंगाम त्यांच्या बांधावर काढा. तरीही माझा एक आक्षेप उरला होता, तो मी मांडला. 1964 साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको काढली, संकरित बियाण्याचा धंदा उभा केला, 1998 ला जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. ते जर "लोकं काय करायलेत" म्हणून थांबले असते तर? नानांनी तंबाखू दाढेखाली सारली. "पन त्यांचं बियाणं घेतलं कुणी? मपल्यासारख्यांनीच ना? सगळेच बारवाले झाले असते तर पेरलं कुणी असतं?"

गावात याच्या उलटा एक नमुना आहे, बापू. सगळे पूर्वेला गेले की ते पश्चिमेला. लोक त्यांना स्वतंत्र विचाराचे म्हणतात. पण त्यांनाही सकाळी उठून आधी लोक कुठं चाललेत ते बघावंच लागतं, आणि नानांपेक्षा अर्धा तास लवकर. यापलीकडं बापूंवर शाई खर्चावी असं काही नाही.

नानांचा पुतण्या संभाजीनगरला मानसशास्त्र शिकतो. त्यानं काकांना अमेरिकेतल्या सॉलोमन अ‍ॅशचा 1951 चा प्रयोग सांगितला. एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा, त्यातली पहिलीएवढी कोणती ते ओळखायचं. खोलीतली बाकीची माणसं फितवलेली, मुद्दाम चुकीचं सांगणारी. दहातल्या सात-आठ जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून इतरांचं उत्तर दिलं. नाना लक्ष देऊन ऐकत होते. पुतण्या पुढं म्हणाला, फितवलेल्यांत एकानं जरी खरं सांगितलं तरी माणसाला धीर येतो आणि चुका एकदम कमी होतात. "त्यो एकटा कोण होता?" नानांनी विचारलं. त्याचं नाव महत्त्वाचं नाही, पुतण्या म्हणाला. "महत्त्वाचं कसं नाही? कुणाचा पोरगा, कोणत्या पार्टीचा, कळल्याबिगर अनुमोदन कसं द्यावं?"

मतदानाच्या दिवशी मात्र नानांचे हाल होतात. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ना डावीकडं कोणी, ना उजवीकडं. मागची रांग ओरडेपर्यंत ते बाहेर येत नाहीत. कुणाला दिलं विचारलं तर म्हणतात, "सगळ्यांनी दिलं त्यालाच." निकालाच्या दिवशी गुलाल लागलेला असतो तेव्हा ते खरंही वाटतं.

मागच्या एका ग्रामसभेत पाण्याच्या टाकीची जागा ठरायची होती. वरच्या गल्लीचा ठराव आला, नानांनी अनुमोदन दिलं. खालच्या गल्लीचा आला, त्यालाही दिलं. ग्रामसेवक म्हणाले, "नाना, एक नाव काढावं लागंल. कोणतं काढू?" नाना म्हणाले, "जो मंजूर होईल त्यो ठिवा." मग हात मोजले, तर दोन्हीकडं सारखे. मोजणाऱ्याचं म्हणणं पडलं की नानांचा हात अजून कानालाच आहे. सगळी सभा वळून नानांकडं बघायला लागली. नानांनी सवयीनं डावीकडं बघितलं, सगळे त्यांच्याकडं बघत होते. उजवीकडंही तेच. कान लाल होईस्तोवर खाजवून झाला. शेवटी ते उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा सूचक झाले: "सभा तहकूब करावी."

ग्रामसेवकांनी लिहून घेतलं आणि विचारलं, अनुमोदक कोण? एवढे हात एकदम वर आले की नाव कुणाचं लावायचं यावरून दोन्ही गल्ल्यांचं पुन्हा अर्धा तास भांडण झालं.