मच्छिंद्र

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण पगारपत्रक करणाऱ्याखेरीज ते कोणाला आठवत नाही. ऑफिसात तो मच्छिंद्र. बारसं आमच्या शिपायाने केलं. एका रविवारी धरणावर गळ टाकून बसलेला असताना त्याला साहेबांचा फोन आला आणि हा सगळं सामान गुंडाळून दुपारी साडेबाराला ऑफिसात हजर झाला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, अंगाला पेंडीचा वास. दार उघडत शिपाई म्हणाला, "या मच्छिंद्रनाथ! गोरख आला वाटतं न्यायला?" तेव्हापासून हा मच्छिंद्र आणि साहेब गोरख. पोथीतला गोरख शिष्य होता आणि आमचा गोरख वार्षिक पगारवाढ ठरवतो, एवढं सोडलं तर नावं चपखल बसली.

आम्ही दोघे अकाउंट्समध्ये. आमची टेबलं शेजारी आणि दुःखं सामाईक. आमचा महिना 11, 14 आणि 20 या तीन खुंट्यांना टांगलेला असतो. 11 तारखेपर्यंत विक्रीचं जीएसटी विवरणपत्र भरायचं. 14 ला पोर्टलवर कळतं की आपल्याला माल विकणाऱ्यांपैकी कोणी बिलं चढवली आणि कोणी नाही. 20 ला कर भरायचा. 14 ते 20 हे दिवस, ज्यांनी बिलं चढवली नाहीत त्यांना फोन करण्याचे. पलीकडून गोड आवाज येतो, "करतो साहेब, संध्याकाळपर्यंत करतो." मच्छिंद्र फोन ठेवतो आणि वहीत त्या नावापुढे एक छोटा मासा काढतो. एका नावापुढे मी एकदा नऊ मासे मोजले होते.

"या जगात सगळ्यात खोटा शब्द कुठला असेल तर 'करतो'," असं त्याचं मत आहे. "मासा कधी 'करतो' म्हणत नाही. येतो, नाहीतर येत नाही."

हा माणूस ऑफिसात पाच मिनिटं वाट बघू शकत नाही. लिफ्ट आली नाही तर चार मजले चढून जातो. चहा उशिरा आला तर पँट्रीत जाऊन उभा राहतो. आणि हाच माणूस रविवारी एका पिसाकडे बघत सहा तास बसतो. पीस म्हणजे खरंच पीस, मोराचं. त्याचा पांढरा देठ वीतभर कापून हा तरंगा बनवतो आणि टोकाला मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देतो. बाजारात प्लॅस्टिकचे रंगीत तरंगे मिळतात, पण ते त्याच्या मते "एचआरने निवडल्यासारखे" असतात. दिसायला छान आणि बुडायला जड.

तयारी शनिवारपासून सुरू होते. शेंगदाण्याची पेंड भिजत घालायची, बडीशेप भाजून कुटायची, मग कणकेत सगळं मळायचं. वहिनींचं म्हणणं असं की लग्नाला अठरा वर्षं झाली, यांनी घरच्या पोळ्यांची कणीक एकदाही मळलेली नाही. मळून झाल्यावर परीक्षा. बोराएवढी गोळी ग्लासातल्या पाण्यात सोडायची आणि घड्याळ लावायचं. लगेच फुटली तर गळावर टिकणार नाही, आणि अजिबात फुटली नाही तर तिचा वास पाण्यात पसरणार नाही. हळूहळू, कडेने, लाजत विरघळायला हवी. ही परीक्षा त्याने शुक्रवारी ऑफिसातही घेतली आहे. त्या ग्लासातलं पाणी कोण प्यालं हे मला ठाऊक आहे, पण पगारवाढ अजून व्हायची आहे.

मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. पहाटे चारला निघालो, कापूरहोळला चहा घेतला आणि उजाडायच्या आत भाटघरच्या पाण्याकाठी पोचलो. धरण 1927 सालचं. मे महिन्यात पाणी उतरलं की वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि मग पर्यटक फोटो काढायला येतात. मच्छिंद्र त्या महिन्यात तिकडे फिरकत नाही. पावसाच्या तोंडावरही नाही. पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ते चढणीचे मासे. त्यांना धरायला गावागावांतून लोक जाळी घेऊन उभे असतात. मच्छिंद्रला ते पाहवत नाही. "आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये हेच चालतं," तो म्हणतो. "बिचारे जीव तोडून वर चढतात, आणि वर टोपली घेऊन कोण उभं आहे ते कोणी बघतच नाही."

मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेच्या माणसाला त्याने रीतसर भेटून घेतलं, पैसे दिले, पावती मागितली. पावतीवर तारीख नव्हती, ती घालून घेतली. अकाउंट्सचा माणूस देवाच्या दारातही पावती बघतो.

मग गाठ. गळाला दोरी बांधताना मच्छिंद्रचा चेहरा पूजेला बसल्यासारखा होतो. पाच-सहा वेढे देतो, टोक मागून ओवतो आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करतो. मी विचारलं, हे कशाला? "कोरडी आवळली की दोरी दोरीला घासते, तापते, आणि ऐन वेळी तिथेच तुटते." थोडा वेळ दोरीकडे बघत राहिला. "आपल्या साहेबांना हे कोणीतरी सांगायला हवं."

बसल्यावर सूचना आल्या. पाण्यावर सावली पाडू नको. पाय आपटू नको, माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिच्यातून त्याला हादरे कळतात. "बोललं तर चालेल का?" मी विचारलं. तिथे चुकलो. साडेसहापासून साडेनऊपर्यंत हा शांततेसाठी आलेला माणूस एकटा बोलत होता, आणि विषय एकच, ऑफिस. सोमवारी ज्या मेलला उत्तर द्यायचं होतं त्याची तीन उत्तरं त्याने पाण्याला सांगितली. पहिलं नम्र, दुसरं कडक, तिसरं छापण्याजोगं नाही. मला वाटलं होतं हा ऑफिसातून पळून धरणावर येतो. प्रत्यक्षात तो ऑफिस डब्यात घालून आणतो आणि इथे निवांत बसून खातो.

त्याची मत्स्यविद्याही तिथूनच निघते. एकाच तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र का सोडतात? तिघांचे चरण्याचे थर वेगळे. कटला वरच्या पाण्यात चरतो, म्हणून त्याचं तोंड वर वळलेलं. मृगळ तळाशी, त्याचं तोंड खाली. रोहू मधला. "चौथ्या मजल्यावरच्यांची तोंडं नीट बघ," मच्छिंद्र म्हणाला, "कायम वर. स्टोअरवाल्यांची खाली. आपण दोघे रोहू." शिवडा म्हणजे मिशाळ, लांबलचक, रात्री शिकारीला निघणारा आणि तोंडात मावेल ते गिळणारा मासा. तो कोण, हे त्याने सांगितलं नाही, पण रात्री सव्वाअकराला आलेला एक मेल उघडून दाखवला.

सगळा राग मात्र चिलापीवर. 1952 साली ती आपल्याकडे बाहेरून आणली. वाढेल, स्वस्तात पोट भरेल, सगळ्यांचं भलं होईल, असा हिशेब होता. तिने वाढायचं तेवढं मनावर घेतलं. मादी अंडी तोंडात धरून बसते, पिल्लंही काही दिवस तोंडातच, त्यामुळे मरतात कमी आणि पसरतात फार. "आपल्याकडे ते सल्लागार आले होते ना कोट घालून," मच्छिंद्र म्हणाला. "सहा महिन्यांसाठी. आठवतंय? आता एक अख्खं दालन त्यांचं आहे. आणि विचारलं की तोंड उघडत नाहीत." तेवढ्यात पीस दोनदा थरथरलं. "चिलापी," तो न बघताच म्हणाला. गळ वर काढला तर गोळी गायब.

त्याचा देव मात्र निराळा. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. हिंडता हिंडता त्याने इथल्या माशांची टिपणं केली आणि पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन 1839 मध्ये छापलं. टॉर खुद्री हे त्या माशाचं शास्त्रीय नाव आजही चालतं. "महसुलाचे आकडे मांडता मांडता महसीर काढला बघ! आपण आकडे मांडता मांडता काय काढतो? मान दुखते ती." (आज त्या मुळा-मुठेत काय सापडेल ते पुलावरून जाताना नाकाला कळतं. हे मी मनात म्हटलं.) वर्षातून एकदा मच्छिंद्र गळ घरी ठेवून महाडजवळच्या वाळणकोंडीला जातो. तिथे वरदायिनीच्या डोहात महसीर आहेत, देवीचे. त्यांना कोणी धरत नाही, उलट भाविक कुरमुरे टाकतात. दोन वेळचं खाणं, संरक्षण, आणि कोणी काम विचारत नाही. "कायम नोकरीतले आहेत रे," असं सांगताना त्याचा आवाज हळवा होतो.

साडेनऊच्या सुमाराला पीस हललं. थरथर नाही, झटका नाही. नुसतं उभ्याचं आडवं झालं आणि पाण्यावर पडून राहिलं. मला वाटलं दोरी सुटली. मच्छिंद्र अर्धं वाक्य तोंडात ठेवून गप्प झाला. सकाळपासून पहिल्यांदाच. तळाशी चरणारा मासा गोळी तोंडात घेऊन डोकं वर करतो, त्याबरोबर खालचं शिसं उचललं जातं आणि पिसाला ताण उरत नाही, म्हणून ते बुडायच्या ऐवजी आडवं होतं. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी त्याने फक्त मनगट उचललं. रीळ किर्र करून ओरडलं. पुढची दहा मिनिटं या माणसाला ना ऑफिस होतं ना मी. मासा ओढायचा तेव्हा हा दोरी सोडायचा, मासा थांबला की दोन वेढे गुंडाळायचा. शेवटी दीडेक किलोचा मृगळ काठाला आला, चंदेरी, दमलेला, तोंड खाली. मच्छिंद्रने हात पाण्यात बुडवून ओले केले, गळ सोडवला, माशाला दोन्ही तळव्यांवर पाण्यात धरून ठेवलं आणि त्याने शेपूट मारल्यावर जाऊ दिलं.

"घरी नाही नेत?"

"मी मासे खात नाही. काटे फार असतात." सामान पुसत तो म्हणाला, "आठवडाभर दुसरं काय करतो आपण?"

ही गोष्ट मी ऑफिसात चहाच्या वेळी रंगवून सांगितली. सांगायला नको होती. गोरख मागे उभा होता.

पुढच्या रविवारी साहेब आमच्याबरोबर होते. नवी टोपी, नवा रॉड, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. मच्छिंद्रचा फोन त्या दिवशी एकदाही वाजला नाही, वाजवणारा शेजारी बसला होता. साहेब काठाकाठाने येरझाऱ्या घालत होते, बुटांनी जमीन हादरत होती. दर दहा मिनिटांनी विचारत, "काय, काही अपडेट?" आणि साडेआठला, "साधारण किती वाजेपर्यंत लागेल?" मच्छिंद्र "हो सर, बघतो सर" म्हणत होता. ऑफिसबद्दल एक अक्षर नाही. मी त्याला इतका दुःखी 20 तारखेलाही पाहिलेला नाही.

नऊ वाजून गेले असतील. साहेबांचं पीस आडवं झालं.

मी पाहिलं. मच्छिंद्रने पाहिलं. त्याचं मनगट आपोआप वळलं, त्याच्या हातात रॉड नसतानाही. मग त्याने हात मांडीवर ठेवला.

"अहो, हे आडवं का झालं?" साहेबांनी विचारलं. "काही करायला हवं का?"

मच्छिंद्र समोरच्या डोंगराकडे बघत होता.

"करतो सर," तो म्हणाला.

थोड्या वेळाने पीस पुन्हा उभं राहिलं.

साहेब पुन्हा आले नाहीत. रॉड त्यांच्या केबिनमध्ये कपाटामागे उभा आहे. मच्छिंद्र मात्र आता कुठल्या पाण्यावर जातो ते मलाही सांगत नाही, आणि त्याबद्दल मला बोलायला तोंड नाही. परवा रविवारी सकाळी सात वाजता मी त्याला फोन केला. पाचव्या रिंगला उचलला.

"कुठे आहेस?"

"घरीच. झोपलो होतो," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, आणि त्याच्या मागे कुठेतरी टिटवी जीव खाऊन ओरडत होती.