आपला माणूस, रोख भावात

रेल्वेच्या मोजणीने सुरत मुंबई सेंट्रलपासून २६३ किलोमीटर आणि अहमदाबादपासून २२९. क्रिकेटमधली निष्ठा अंतरावर ठरत असती, तर आम्ही ३४ किलोमीटरने गुजरातचे निघालो असतो. पण उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या बाजूला ही मोजणी कुणी मानत नाही. इथल्या कितीतरी घरांचं गाव अमळनेर, पारोळा, शहादा नाहीतर नंदुरबारच्या आसपास असतं. आमचे आप्पाही तिकडूनच तापी काठाकाठाने येणाऱ्या गाडीत बसले, उधन्याला उतरले आणि लूमवर लागले. आमच्या घरी भाजी गुजरातीत घेतली जाते, भांडण हिंदीत होतं, म्हातारी माणसं अहिराणीत बोलतात आणि क्रिकेट मराठीत बघितलं जातं. मराठीत म्हणजे मुंबईच्या बाजूने.

आप्पा आले त्याच लाइनीवर नवापूर स्टेशन लागतं. राज्यांची हद्द बरोबर फलाटावरून जाते आणि तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. आम्हाला त्यात काही नवल वाटत नाही, कारण आम्ही त्या बाकावर कायमचे राहायला आलेले आहोत.

बरीच वर्षं यात अडचण नव्हती. आयपीएलमध्ये गुजरात लायन्स म्हणून एक संघ २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम राहून गेला, पण त्याचं बिऱ्हाड राजकोटला. सुरती माणसाला सौराष्ट्राचं कौतुक बेताचंच, त्यामुळे गल्लीत शांतता होती. मग २०२२ मध्ये गुजरात टायटन्स आले आणि आल्या आल्या त्यांनी हार्दिक पांड्याला घेऊन त्याला कप्तान केलं. मुंबईने त्या वर्षी रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड असे चौघे ठेवले होते. हार्दिक बाहेर राहिला, तो गुजरातने १५ कोटींना उचलला. ज्या पोराला मुंबईने २०१५ मध्ये १० लाखांत घेतलं, ज्याने मुंबईकडून चार करंडक बघितले, तो दुसऱ्याच्या निळ्या कपड्यांत उभा राहिला. आम्हाला वाईट वाटलं, पण फार नाही. मुलगा शेवटी सुरत जिल्ह्यातलाच, चोर्यासीचा. १९९३ चा जन्म. वडिलांचा इथला गाड्यांच्या फायनान्सचा छोटा धंदा, तो गुंडाळून ते पोरांच्या क्रिकेटसाठी बडोद्याला गेले आणि दोघांना किरण मोरेंच्या अकादमीत घातलं. आप्पांच्या मते इथेच विषय संपतो. मोरेंनी शिकवलं म्हणजे पोऱ्या मराठी.

गुजरातने पहिल्याच वर्षी करंडक जिंकला. फायनलमध्ये हार्दिकने १७ धावांत तीन बळी घेतले आणि ३४ धावाही केल्या. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका त्या रात्री जिन्यात पेढे वाटत होते. कापड बाजारात रिंग रोडला त्यांचं दुकान. मी पेढा घेतला. आप्पांनी दोन घेतले आणि म्हणाले, "आपलाच पोऱ्या शे." काकांनी तिसरा दिला नाही.

आता २६ नोव्हेंबर २०२३. वर्ल्ड कपची अहमदाबादची फायनल हरून बरोबर आठवडा झाला होता. गल्लीत क्रिकेटचं नाव काढलं तरी लोक आवराआवर करायला लागायचे. रविवारी संध्याकाळी कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं याच्या याद्या आल्या. गुजरातच्या यादीत हार्दिक होता. काका खाली येऊन, "जुओ भाऊ, राखी लीधो," असं ऐकवून गेले. चहा होईपर्यंत बातमी फिरली. ठेवलेला माणूस मुंबईला दिला, तोही बदल्यात खेळाडू न घेता, रोखीत. दुसऱ्या दिवशी त्यावर अधिकृत शिक्का बसला आणि शुभमन गिल कप्तान झाला.

प्रतिस्पर्ध्याने आपला जुना माणूस सोडला तर काय वाटायला हवं? पुस्तकी उत्तर आनंद. अर्धा मिनिट तो झालाही. आमच्या भाच्याने शिट्टी मारली. मग मात्र आम्ही ज्या शहरात राहतो त्या शहराने आमच्यावर कब्जा केला. सुरतच्या बाजारातून साड्यांची पार्सलं देशभर जातात आणि त्यातली बरीच चार महिन्यांनी न विकता परत येतात. परत आलेलं पार्सल शेठ लगेच उघडत नाही. आधी त्याच्याभोवती एक फेरी मारतो, दोरी बघतो, वास घेतो आणि मग मुनीमजींना विचारतो, काय निघालं यात? आमचंही तसंच झालं. दोन वर्षांत एक करंडक जिंकून देणारा, दुसऱ्या वर्षी संघाला फायनलच्या शेवटच्या चेंडूपर्यंत नेणारा कप्तान कुणी शहाणा माणूस सोडतो का? आणि सोडणारे तर गुजराती! हार्दिकच्या घोट्याचं बघायला हवं, भाचा म्हणाला. घोट्याला वर्ल्ड कपमध्ये पुण्यात लागलं होतं. पुण्यात लागलेलं लवकर भरून येत नाही, हे मुंबईकडच्या नातेवाइकांचं जुनं मत.

काकांचं दुःख वेगळंच होतं. आम्हाला वाटलं होतं, ते गद्दार वगैरे म्हणतील. सुरती तोंड आहे, त्याला शब्दांची ददात नसते. पण ते जिन्यात उभे राहून एकच विचारत होते, "पण भाऊ, केटलामां गयो?" किंमत कुणी जाहीर केली नव्हती. ज्याला जो आकडा सुचेल तो लोक सांगत होते. माणूस गेला हे काकांनी पचवलं असतं, पण भाव न कळता गेला, हे त्यांना पचेना.

"सुरत तिसऱ्यांदा लुटली," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "१६६४, १६७० आणि ही आता." सुरतेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हा विनोद आयुष्यभर कुठे ना कुठे करावा लागतो. आप्पांनी तो बराच काळ राखून ठेवलेला असावा.

"लूट कसली?" काका म्हणाले. "लुटीत माल फुकट नेतात. ही तर रोख खरेदी. आणि त्या दोन लुटींचा हिशेब इंग्रजांनी लिहून तरी ठेवला. या वेळचा कुठे आहे?"

१५ डिसेंबरला मुंबईने रोहितला उतरवून हार्दिकला कप्तान केलं आणि मग खरी फूट पडली, ती आमच्याच घरात. भाचा रोहितचा. आप्पा हार्दिकचे. बायको म्हणाली, सूर्यकुमारला करायला हवं होतं, आणि तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही. कप्तान कोण यावरून मराठी माणसाने फुटावं आणि तेही सुरतेत, ही परंपरा तशी जुनी आहे. १९०७ च्या डिसेंबरात तापीकाठी काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. ते व्हायचं होतं नागपूरला, पण तिथे जहाल फार म्हणून इकडे आणलं. अध्यक्ष कोण यावरून जुंपली, टिळक व्यासपीठावर ठाण मांडून उभे राहिले आणि गर्दीतून एक जोडा आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. जोडा मराठी होता, हे हजर असलेल्या नेव्हिन्सन नावाच्या इंग्रज पत्रकाराने लिहून ठेवलं आहे. कुणाचा होता, हे मात्र उमगलं नाही. एका पायाने घरी गेलेला तो गृहस्थ आमचा आद्य फॅन. अलीकडे जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातले बंडखोर आमदार एका रात्रीत डुमस रोडवरच्या हॉटेलात येऊन उतरले, तेव्हाही संघ बदलायची मुदत कधी संपते हे कुणी विचारलं नव्हतं.

हार्दिक गेला त्याच नोव्हेंबरच्या शेवटी सुनील गावसकर सुरतजवळच्या सचिन स्टेशनवर उभे राहून फोटो काढून गेले. सचिन हे जुन्या संस्थानाचं गाव, आता तिथे जीआयडीसी आहे. काकांना त्या फोटोचा फार आधार वाटला. निदान सचिन तरी कुणी विकत नेऊ शकत नाही, असं ते म्हणाले.

२४ मार्च २०२४ ला अहमदाबादला सामना झाला. मुंबई विरुद्ध गुजरात, हार्दिक मुंबईचा कप्तान. टॉसपासूनच मैदान त्याची हुर्यो उडवत होतं. मध्येच एक कुत्रा आत घुसला, तर लोकांनी "हार्दिक, हार्दिक" असा गजर केला. गुजराती हुर्यो उडवत होते कारण तो गेला, मुंबईकर उडवत होते कारण तो आला. आमच्या सोफ्यावर दोन्ही कारणं मांडीला मांडी लावून बसली होती. काका आणि भाचा, सहा महिन्यांत एकमेकांशी धड न बोललेले, एका सुरात ओरडत होते. आप्पा तेवढे गप्प.

भाचा रात्री जागून युरोपातला फुटबॉल बघतो, त्यामुळे त्याला आपण सगळे लिंबूटिंबू वाटतो. "हे काहीच नाही," तो म्हणाला. "फिगो बार्सिलोना सोडून माद्रिदला गेला, तर २००२ मध्ये लोकांनी त्याच्यावर मैदानात डुकराचं मुंडकं फेकलं." काकांनी ताटलीतलं खमण खाली ठेवलं. वाटेल तेवढा राग आला, तरी इथे फार तर लोचो फेकला जाईल, आणि तोही आधी खाऊन बघून. भाच्याने मग दुसरी गोष्ट सांगितली. डेनिस लॉ हा मँचेस्टर युनायटेडचा देव. १९७३ मध्ये युनायटेडने त्याला विनामूल्य सोडलं, तो गावातल्याच सिटीकडे गेला आणि पुढच्या एप्रिलमध्ये युनायटेडच्याच मैदानावर टाचेने गोल मारला. मारून आनंदही केला नाही, मान खाली घालून चालू लागला. युनायटेड त्या वर्षी खालच्या श्रेणीत गेली.

मला वाटलं, मान खाली घातल्याचं ऐकून काका हलतील. ते हललेही. "मफतमां छोडी दीधो?" त्यांनी विचारलं. "मँचेस्टर म्हणजे कापडाचंच गाव ना? मग गिरण्या बंद पडतीलच."

शेवटच्या षटकात मुंबईला १९ हव्या होत्या. हार्दिकने पहिल्या चेंडूवर षटकार मारला, दुसऱ्यावर चौकार. सोफ्यावरची हुर्यो थांबली. भाचा उभा राहिला. तो रोहितचा माणूस आहे याचा त्याला विसर पडला होता. तिसऱ्या चेंडूवर हार्दिक झेल देऊन बाद. गुजरात सहा धावांनी जिंकलं. टाकणारा कोण, तर उमेश यादव, विदर्भाचा. म्हणजे सुरतेत जन्मलेला मुंबईचा कप्तान गुजरातच्या नागपूरकराने घेतला. यात आपण नक्की कुठे हरलो, हे आप्पांना रात्री झोपेपर्यंत समजावत होतो.

पुढे वानखेडेवरही तेच चाललं. संजय मांजरेकरांना टॉसच्या वेळी लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मुंबई चौदात चार सामने जिंकून शेवटची आली. पार्सलाचा आमचा संशय खरा ठरल्यासारखा वाटत होता. आणि २९ जूनला बार्बाडोसला टी-२० वर्ल्ड कपच्या फायनलचं शेवटचं षटक त्याच हार्दिकच्या हातात आलं. दक्षिण आफ्रिकेला १६ हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर मिलरचा झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर हवेतून परत आणला. बायकोने दोघांकडे बघितलं. या वेळी दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वाटणी सुरू झाली. जन्म आमचा, काका म्हणाले. शिक्षण मराठी, आप्पा म्हणाले. करंडक मुंबईचे, भाचा म्हणाला. मार्चमध्ये ज्या तोंडाने तो ओरडला होता, तेच तोंड. चारच दिवसांनी वानखेडेही हार्दिकच्या नावाने दणाणलं, त्यामुळे त्याला एकट्याला काय बोलणार.

ऑक्टोबरात मुंबईने त्याला १६ कोटी ३५ लाखांना राखलं. हा आकडा मात्र जाहीर होता. काका कागद घेऊन खाली आले. पंधरावर एक पस्तीस म्हणजे नऊ टक्के. तेही जवळजवळ तीन वर्षांत. एफडीतही याहून जास्त सुटलं असतं, सोन्यात तर आणखी. "मधला आकडा मिळाला असता तर नीट हिशेब लागला असता," म्हणाले आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

२०२५ च्या ३० मे रोजी एलिमिनेटरमध्ये मुंबईने गुजरातला २० धावांनी बाहेर काढलं. हार्दिकने नऊ चेंडूंत २२ काढल्या, रोहितने ८१. आमच्या घरात त्या रात्री दोन्ही पक्ष खूश होते. काका रिमोट हातात धरून बराच वेळ गिलच्या चेहऱ्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

"भाऊ," ते म्हणाले, "याचा काय भाव निघेल? रोखीत."